झुणका-भाकरच्या बोर्डाला कोणता जाड फॉन्ट: मोदक, बलू की आणखी काही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात सक्करदऱ्याला रस्त्यालगत दुकान, नाव ‘वऱ्हाडी झुणका-भाकर केंद्र’, बोर्ड १२ बाय ३ फुटांचा, समोरचा फुटपाथ ६० फुटांवर. डिझायनरनं नाव ‘मोदक’ फॉन्टमध्ये लावलं. मोबाइलवर झकास दिसलं, पण फ्लेक्सचा नमुना टांगल्यावर समोरून लोक ‘भाकर’ला ‘माकर’ वाचतायत. बोर्डवाला म्हणतो अक्षर अजून जाड करा. त्यापेक्षा ‘बलू’ घेतला तर चालेल का, आणि पुढे लाइटवाला बोर्ड करायचा तर काय बदलावं लागेल?

बलू चालेल, आणि तुमच्या नावाला तो मोदकपेक्षा नक्कीच बरा. पण नुसता फॉन्ट बदलून काम भागणार नाही. बोर्डवाल्याचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. नाव वाचता येत नाही ते अक्षर बारीक आहे म्हणून नाही. अक्षराच्या आतली पांढरी जागा संपली आहे, म्हणून.

देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा जास्त का होतं, ते बघा. आपल्याकडे अक्षरांच्या काही जोड्या एवढ्याशा फटीवर उभ्या आहेत. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य. भ, ध, थ यांच्या डाव्या डोक्यावर शिरोरेखा तुटते आणि तिथे एक छोटा वळसा असतो. ती तुटलेली जागा बुजली की भ चा म होतो. ब आणि व, ष आणि प यांच्यात फरक फक्त पोटातल्या तिरप्या रेघेचा. ती रेघ दिसायला तिच्या दोन्ही बाजूंना पांढरं लागतं. रेघा जाड करत नेल्या की हे पांढरं सगळ्यात आधी मरतं. इंग्रजी ‘I’ कितीही जाड करा, तो ‘I’च राहतो. आपल्या भ ला तेवढी मुभा नाही.

मोदक हा वाईट फॉन्ट आहे असं मुळीच नाही. मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटानं तो मुद्दाम गुबगुबीत केला आहे, देवनागरीतल्या सगळ्यात लठ्ठ अक्षरांपैकी तो एक. अक्षर फुगवून जवळपास एक गोळा केलाय आणि आतली पोकळी नुसत्या बारीक पांढऱ्या रेघांनी दाखवली आहे. गंमत त्या रेघांतच आहे. गणपतीच्या पोस्टरवर एकच मोठा शब्द, लहान मुलांच्या वस्तूचा डबा, दहा फुटांवरून दिसणारं स्टिकर, अशा जागी तो फार गोड दिसतो. पण ६० फुटांवर त्या पांढऱ्या रेघा डोळ्याला सापडतच नाहीत. हा दोष अक्षराचा नाही, जागा चुकली आहे.

किती फट लागते याचा हिशेब सोपा आहे. चांगली नजर साधारण एक मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा ओळखते, मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. ६० फुटांवर, म्हणजे सुमारे १८ मीटरवर, तो तपशील ५ मिलिमीटरचा भरतो. म्हणजे ५ मिमीची फट ही चांगल्या डोळ्याची शेवटची हद्द. उन्हाची तिरीप, बोर्डावरची धूळ, चाळिशी ओलांडलेलं गिऱ्हाईक, गाडीवरून जाताना बसणारे हादरे, हे सगळं धरलं तर अडीच-तीन पट हवी. तुमच्या बोर्डावर कुठल्याही अक्षरातली सगळ्यात अरुंद पांढरी जागा १२ ते १५ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. फाइल प्रत्यक्ष मापात उघडा आणि भ चं डोकं, झ चं पोट, द्र च्या खालची तिरपी काडी, केंद्र मधल्या मात्रेच्या आणि अनुस्वाराच्या मधली जागा मोजा. या चार ठिकाणी उत्तर मिळेल.

आता अक्षराची उंची. बोर्डाच्या धंद्यात ठोकताळा आहे की दहा फूट अंतराला एक इंच अक्षर. ६० फुटांना ६ इंच. पण हा ठोकताळा इंग्रजी कॅपिटल अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत ६ इंच मोजायचे ते शिरोरेखेपासून काना जिथे संपतो तिथपर्यंत. वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार वेगळे. बोर्डवाले बहुतेक वेळा वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजून ‘९ इंची अक्षर’ म्हणतात आणि प्रत्यक्षात अंगाचं अक्षर ५ इंचांचंच निघतं. हे आधी बोलून घ्या.

तुमचं पूर्ण नाव एका ओळीत बलूच्या जाड वजनात (वजन म्हणजे फॉन्टमधली जाडीची पायरी) लावलं तर रुंदी अक्षराच्या अंगाच्या उंचीच्या अदमासे तेरा-चौदा पट जाईल. बोर्ड १४४ इंच, दोन्हीकडे ७-७ इंच मोकळे सोडले तर १३० उरतात. म्हणजे अंगाची उंची सुमारे ९ इंच मिळते. वर ऱ्हाडी ची वेलांटी, खाली झु चा उकार धरून एकूण १६-१७ इंच. ३ फुटांच्या बोर्डात हे आरामात बसतं आणि खाली ‘अस्सल चव, चुलीवरची’ ही तुमची ओळही मावते. इंग्रजी नाव लिहायचं असेल तर तेही खाली, आणि मराठीपेक्षा लहान. २०२२च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाही, तेव्हा ही मांडणी कायद्यालाही धरून आहे.

बलूविषयी थोडं. हाही ‘एक टाईप’चाच. मोगलीच्या गोष्टीतल्या अस्वलाचं नाव, आणि ती गोष्ट घडते ते शिवनीचं जंगल आपल्यापासून फार लांब नाही. या अक्षरकुटुंबात नऊ भारतीय लिपी आहेत आणि देवनागरी सोडून प्रत्येक लिपीच्या फॉन्टला त्या भाषेतल्या भावाचं नाव आहे: गुजरातीला भाई, बंगालीला दा, गुरुमुखीला पाजी, तमिळला थंबी. नावातला हा आपलेपणा अक्षरातही उतरलाय. जाड आहे पण दांडगं नाही. टोकं मऊ, कोपरे गोलसर, जाड आणि बारीक रेघांतला फरक कमी. खाण्यापिण्याच्या दुकानाला हा स्वभाव शोभतो. बँकेच्या किंवा वकिलाच्या पाटीला मी तो सुचवणार नाही.

सुरुवातीचा बलू एकाच जाड वजनात होता. ‘बलू २’मध्ये ४००पासून ८००पर्यंत पाच वजनं आहेत, आणि तुमच्या कामाला हेच महत्त्वाचं. ८०० लावून भ ची फट कमी पडली तर ७०० घ्या. लांबून ७०० बारीक वाटत नाही, कारण डोळा काळेपणा बघतो तसा आकारही बघतो, आणि मोकळा आकार मोठा वाटतो. मी साधारण असा हिशेब ठेवतो: काना अंगाच्या उंचीच्या सहाव्या ते पाचव्या हिश्श्याएवढा जाड असेल तर रस्त्यावरच्या बोर्डाला योग्य. चौथ्या हिश्श्याच्या पुढे गेला की ते अक्षर पोस्टरचं, बोर्डाचं नाही. ९ इंचांच्या अक्षरात पाचवा हिस्सा म्हणजे जवळपास १.८ इंच, भरपूर ठसठशीत.

चांगलं जाड अक्षर कसं ओळखावं, तर ‘झुणका’मधला ण बघा. ण ला दोन उभे खांब, मग क चा खांब, मग काना. ओळीत चार खांब. चारही सारख्या जाडीचे ठेवले तर तो शब्द कुंपणासारखा दिसतो. जाणत्या अक्षरकारानं ण चे दोन खांब चोरून थोडे बारीक केलेले असतात, क च्या पोटातली वळणं आत जाताना निमुळती केलेली असतात, आणि जिथे रेघ खांबाला मिळते तिथे ती किंचित दबलेली असते. साध्या डोळ्याला हे कळत नाही, पण शब्द समतोल काळा दिसतो. अक्षर मोठं करून हे तपासा. क्ष, ज्ञ, ष्ट, द्ध, ठ्ठ, ळ, ऐ, औ एका ओळीत लिहा आणि डोळे बारीक करून बघा. एखाद्या ठिकाणी काळा डाग पडत असेल तर त्या फॉन्टमध्ये तेवढं काम झालेलं नाही.

यामुळेच सॉफ्टवेअरचं बोल्डचं बटण किंवा त्याच रंगाची आऊटलाइन हा जाडी वाढवायचा मार्ग नाही. ४ मिमीची आऊटलाइन दिली की रेघ बाहेरच्या दोन्ही अंगांना २-२ मिमी फुगते, आणि फट दोन्हीकडून खाल्ली जाते. १० मिमीची फट ६वर येते. अक्षरकार जिथे रेघ बारीक करतो नेमकं तिथेच आऊटलाइन ती जाड करते. तुमचा बोर्डवाला ‘अजून जाड’ करणार तो बहुधा असाच. आडवं ताणणंही तसंच: खांब जाड होतात, शिरोरेखा तेवढीच राहते आणि अक्षर सुजल्यासारखं दिसतं.

पर्याय म्हणून आणखी तीन-चार नावं. ‘अनेक देवनागरी’ हाही ‘एक टाईप’चा, आणि त्यात वजनाबरोबर रुंदीही कमी-जास्त करता येते, ७५ ते १२५ टक्के. नाव लांब आणि बोर्ड अरुंद असेल तर अक्षर ताणण्यापेक्षा हा घ्यावा. मात्र फार अरुंद करू नका. दुकानाचा बोर्ड रस्त्याला समांतर असतो, आणि गाडीवरचा माणूस तो समोरून नाही, तिरपा बघत येतो. ४५ अंशांतून बघितलं तर रुंदी सत्तर टक्केच दिसते आणि उभ्या फटी त्याच प्रमाणात आवळतात. ताशी ४० किलोमीटरनं जाणारा माणूस ६० फूट पावणेदोन सेकंदांत पार करतो, त्यात हे सगळं व्हायचं. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घेतला आहे, ब्रशचा कट त्यात छान दिसतो. जुन्या वळणाचा बोर्ड हवा असेल तर तुमच्या दुकानाला तोही जमेल, पण वजन एकच आहे. ‘रोझा वन’मध्ये जाड आणि बारीक यांतला फरक टोकाचा. मिठाईचा डबा, लग्नपत्रिका, मासिकाचा मथळा यांना झोकदार. रस्त्यावर त्याच्या बारीक रेघा हरवतात आणि शीट कापताना तुटतात. ‘टेको’ आणि ‘खंड’ उभट, चौकोनी. कबड्डीच्या सामन्याचा बॅनर किंवा बातमीची पट्टी, तिथे उत्तम. झुणका-भाकरीला फार कडक.

यांतले सगळे मुक्त परवान्याचे आहेत. बोर्ड, मेन्यू, पार्सलची पिशवी, कुठेही धंद्यासाठी वापरा, पैसे लागत नाहीत.

आता तुमच्या नावातली खास अडचण, ‘वऱ्हाडी’. हा शब्द अर्ध्या बोर्डांवर चुकतो. साधा र, हलन्त आणि ह टाइप केला की रफार ह च्या डोक्यावर चढतो. आपल्याला हवा तो ह च्या डाव्या कुशीतला छोटा वळसा. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ लागतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांमधून मजकूर उचलून आणला असेल तर तो तसाच वापरू नका, नव्यानं टाइप करा. आणि जाड वजनात तो वळसा ह ला चिकटून गोळा होतो का, ते जवळून बघा. टॅगलाइनमध्ये ‘अस्सल’चा ल आहे. मराठी वळणाचा ल आणि श वेगळे असतात. फॉन्टमध्ये ते असले तरी मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय येत नाहीत, कारण सॉफ्टवेअर बहुतेकदा हिंदी धरून चालतं. डिझायनरला भाषा बदलून बघायला सांगा.

इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये काम होत असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये इंडिक पर्याय चालू करून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला हवा, नाहीतर वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरं फुटतात. अक्षरांमधलं अंतर शून्यावर ठेवा. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेखा अक्षराअक्षराला तुटते, आणि कमी केलं की ‘भाकर’मधला काना शेजारच्या क च्या वळणात घुसतो. ऑप्टिकल कर्निंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर आपोआप जुळवणारी सोयही बंदच हवी, तिला शिरोरेखा कळत नाही.

फ्लेक्सपुरतं एवढं बास. पण तुम्ही पुढे एसीपी शीटवर (ॲल्युमिनियमचा पत्रा लावलेलं शीट) ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं आणि आतून लाइट म्हणताय, तिथे दुसऱ्या प्रकारच्या चुका होतात.

पहिली चूक फाइलची. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेखा पुढच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते, म्हणून ती अखंड दिसते. कर्व्ह केल्यावर, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा केल्यावर, ही चढलेली टोकं आत तशीच राहतात. मशीन प्रत्येक रेषेवरून कापतं, म्हणजे शिरोरेखेत दर अक्षराला चीर पडते. कापण्याआधी सगळं वेल्ड करायला हवं, म्हणजे जोडून एकच आकार करायला हवा, इलस्ट्रेटरमध्ये युनाइट. कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये घाईत वेल्डऐवजी कंबाइन दाबलं की चढलेल्या जागी उलट भोकं पडतात. स्क्रीनवर ती बारीक असतात आणि शीट कापल्यावरच दिसतात. वेल्ड झाल्यावर आऊटलाइन व्ह्यूमध्ये एकदा पूर्ण नाव बघून घ्या.

दुसरी, शिरोरेखेमुळे आख्खा शब्द एकाच तुकड्यात निघतो. इंग्रजीसारखी सुटी अक्षरं होत नाहीत. ‘झुणका-भाकर’ ९ इंचांच्या अंगात साडेपाच फूट जाईल, आणि नागपूरच्या उन्हात ॲक्रिलिक फुगतं. एक मीटर ॲक्रिलिक दर अंशाला सुमारे ०.०७ मिमी वाढतं. जानेवारीच्या पहाटेचे १० अंश आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या बोर्डाचे ६० अंश, फरक ५० अंशांचा. म्हणजे मीटरला साडेतीन मिमी. मागचं ॲल्युमिनियम त्याच्या एक तृतीयांशच वाढतं. पक्क्या गोंदानं चिकटवलेलं अक्षर अशा ताणानं आधी काठाला सुटतं, मग भ च्या अरुंद मानेपाशी तडकतं. म्हणून ‘झुणका’ आणि ‘भाकर’ वेगळे कापा, मध्ये तुमची जोडरेघ आहेच, सांधा तिथे लपतो. चिकटवायला सिलिकॉन आणि स्क्रू असतील तर भोकं लांबट. केंद्र वरचा अनुस्वार सुटा तुकडा आहे, त्याला स्वतंत्र स्क्रू सांगा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत ‘केद्र’ उरतं.

तिसरी, जाडी. आत एलईडीची पट्टी नीट बसायला रेघ दीड इंचाच्या आसपास तरी लागते. बलू २च्या वरच्या वजनांत ९ इंचांना ती मिळते, रोझासारख्यात मिळणार नाही. राउटरनं (फिरत्या बिटनं कापणाऱ्या मशीननं) कापत असाल तर ३ मिमीच्या बिटला त्याहून अरुंद फट कापताच येत नाही आणि आतले कोपरे गोल होतात. बलूचे कोपरे मुळातच मऊ असल्यानं हे खपून जातं, हा त्याचा एक न बोललेला गुण.

रात्री उजळलेलं अक्षर दिवसापेक्षा जाड दिसतं. उजेड काठावरून सांडतो आणि फटी खातो. तेव्हा दिवसाच्या फ्लेक्सला ८०० चालत असेल तर लाइटच्या अक्षरांना ७०० घ्या, किंवा ६००सुद्धा करून बघा. गडद पाटीवर पांढरी अक्षरं असतील तरी हाच नियम, लाइट नसला तरी. पिवळ्यावर काळं असेल तर जाडी तशीच ठेवायला हरकत नाही.

शेवटची पायरी, आणि हिला दोन-चार रुपयांच्या वर खर्च नाही. बोर्ड एक-दशांश मापात काढा. १४.४ बाय ३.६ इंच होतो, ए३ कागदावर आडवा बसतो. एका कागदावर ६००, ७०० आणि ८०० असे तीन नमुने एकाखाली एक छापा. दुपारच्या उजेडात भिंतीला लावा आणि ६ फुटांवरून बघा, मग बाजूला सरकून तिरपं बघा. नाव माहीत नसलेल्या कुणाला तरी वाचायला लावा, कारण तुम्हाला ‘भाकर’ माहीत आहे म्हणून ती दिसणारच. तो कुठे अडखळतो ते लिहून ठेवा. भ चं डोकं आणि ऱ्हा यांचे जवळून घेतलेले फोटो इथे टाकलेत, बरोबर त्या फटींची मापं दिलीत, तर ७०० की ८०० ते नक्की सांगतो.